हळदीचं बोट

पुण्याहून निवडीसाठी आलेल्या अंजलीमॅडम कॉलेजच्या प्रयोगशाळेत खुर्ची ओढून समोर बसल्या आणि नेमका तेव्हाच मोनालीचा डबा खोटं बोलायला लागला.

डबा तुपाचा, भवानीनगरच्या घरून आणलेला. आत नखाएवढी सिलिकॉनची चकती, तिला मोनालीनं स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर आणि समोर अल्फा कण सोडणारा इवलासा स्रोत. कण चकतीवर आपटला की त्याची ऊर्जा एमईव्ही या मापात पडद्यावरच्या आलेखात उमटायची. मॅडमना हे पटलं तर दिल्लीच्या प्रयोगशाळेत वर्षभर काम. नाही पटलं तर बारामतीतच शिकवण्या.

दसऱ्याच्या सुट्टीआधी आलेखाचं शिखर साडेपाच एमईव्हीवर होतं, ताठ उभं. आज ते साडेचारवर, तेही पसरट!  मोनालीनं ॲम्प्लिफायरला बाहेरून विजेची ठरावीक पल्स दिली. ती बरोबर जागी उमटली. म्हणजे सर्किट शहाणं होतं, घोळ कणांच्या वाटेत होता.

तिनं झाकण उघडलं. चकतीवर पिवळंधमक बोट उमटलं होतं.

"गेणबामामा!"

प्रयोगशाळेचे शिपाई गेणबा अभिमानानं पुढं आले. "खंडेनवमीची पूजा! समद्या मशिनींची केली. तुझ्या डब्याची आधी."

"अहो, पन आतनं कशाला?"

"मशिनीचं तोंड आत हाय. पत्र्याला लावून काय उपेग?"

मोनाली रडायच्या बेतात होती, पण तिला हसूच फुटलं. बिचारा अल्फा कण, साध्या कागदानंही अडणारा! हळदीतून धापा टाकत जात होता. ती पुसायला वाकली.

"पुसू नका!" मॅडम ओरडल्या. "एक एमईव्ही कुठं गेली, सांगा."

मोनालीनं खडू उचलला. एका मायक्रॉन हळदीत किती ऊर्जा खर्च होते, त्याचे आकडे भराभर उतरले. मग ती फळ्यासमोरच उडी मारून म्हणाली, "मॅडम, थर दहा मायक्रॉनचा! केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा!"

"उत्तर ठाऊक असलेले प्रयोग रोज बघते मी," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या डब्यानं ठाऊक नसलेलं मोजलं." आणि त्यांनी दिल्लीच्या कागदावर सही ठोकली.

मोनालीनं आनंदानं गेणबांचे दोन्ही हात धरून गरकन फेर धरला. गेणबांना धाप लागली, तरी चेहरा खुलला. जरा थांबून ते म्हणाले,

"त्या दिशी कुंकू संपलं व्हतं, म्हनून नुस्ती हळद. आज आनलंय. लावू का टिळा?"

"न्हाय!" मोनाली किंचाळली. तिच्याबरोबर मॅडमही.