कशावरूनबाई

बायको गेली हे मला डॉक्टरांनी सांगण्याआधी त्या पोरीच्या तोंडावरून कळलं. ती वॉर्डाच्या दारात उभी होती. हातातली सिरिंज भरलेली होती, तशीच.

ती नवी नर्स, नुकतीच कामाला लागलेली, माझ्या बायकोचीच विद्यार्थिनी. बायको नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. माहिती कुठून घ्यायची, कुणाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, औषध देण्याआधी काय पडताळायचं, हा तिचा विषय. कुणी काही सांगितलं की ही विचारायची, "कशावरून?" मुली तिला पाठीमागे कशावरूनबाई म्हणायच्या, आणि ते तिला ठाऊक होतं. घरीही तेच. मी म्हणालो, भाजीत मीठ जास्त झालंय, की "कशावरून?"

"जिभेवरून," मी म्हणायचो. तेवढा पुरावा तिला चालायचा.

ही पोरगी पहिल्या वर्षी प्रत्येक उत्तराला "असं ऐकलंय, बाई" म्हणायची. म्हणून बायकोने तिचं नाव ऐकीव ठेवलं. "आज ऐकीवने न सांगता पुस्तक उघडलं हो," असं एकदा घरी येऊन सांगितलं, तेव्हा स्वतःच परीक्षा पास झाल्यासारखी खूश होती.

छातीत दुखतंय म्हणून बायकोला ऐकीवच्याच वॉर्डात ठेवलं होतं. त्या दुपारी तिच्या हृदयाचे ठोके बिघडले. डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटजवळ अडकले होते. त्यांनी फोनवर औषध आणि मात्रा सांगितली. ऐकीवला मात्रा जास्त वाटली. तिने ती पुन्हा म्हणून दाखवली, तिकडून हो आलं. तरी तिने औषधांचं पुस्तक काढलं, वजन धरून हिशेब केला. मात्रा बरोबर होती. औषध भरून ती वळली, तोवर ठोके थांबले होते. मग सगळे धावले, छाती दाबली. उपयोग झाला नाही.

"भावजी, माझी बहीण जातेय आणि ही बया पुस्तक वाचत बसली!" मेव्हणा म्हणाला. "तक्रार करा."

"तुझ्या बहिणीनेच शिकवलंय तिला."

"मग भोगलंही तिनेच." असं म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "तेवढ्या वेळाने फरक पडला नसता." मी मान हलवली. तेव्हा मला धरायला काहीतरी हवं होतं.

दिवसकार्य झाल्यावर ऐकीव घरी आली. आत यावं की नाही, तिला कळेना.

"ये गं. दारात काय उभी?"

खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "काका, मी ड्यूटीवर जात नाहीये. राजीनामा लिहून ठेवलाय. पुस्तक उघडलं तर बाई दिसतात. न उघडता औषध द्यावं म्हटलं, तरी बाईच दिसतात."

"अगं, डॉक्टर म्हणालेत, फरक पडला नसता."

तिने वर बघितलं. "कशावरून?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. पोर घाबरली.

"सॉरी काका, तोंडून गेलं."

"असू दे. बरोबर विचारलंस."

डॉक्टर अनुभवी आहेत, एवढं मी सांगू शकलो असतो. पण मोठा माणूस बोलला म्हणजे पुरावा झाला असं नाही, हे तिला बायकोनेच घोटून घोटून शिकवलेलं. आणि मी शाळेची बस चालवतो, मला त्यातलं काय कळणार? मी म्हणालो, "डॉक्टरांना नीट विचारतो आणि तुला सांगतो. तोवर राजीनामा देऊ नकोस."

"फरक पडला असता असं निघालं, तरी सांगाल?"

"तरी सांगेन."

त्यानंतर मी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोनदा जाऊन बसलो. आतून हाक आली की उठतो आणि जिन्याकडे चालू लागतो. मेव्हणा म्हणतो तेच खरं निघालं तर त्या पोरीच्या तोंडावर ते कसं बोलायचं, हे मला कळत नाही. आणि खोटं बोलायचं तर ते तिला पटणार नाही.

ऐकीव अजून घरीच बसून आहे. डॉक्टरांना विचारायचं राहिलं आहे.