दुसरा खडा

केटिलच्या खालच्या जबड्यात, जिभेच्या दोन्ही अंगांना, हाडाची दोन टेंगळं होती. बापाला होती, आज्याला होती. आइसलंडच्या त्या किनाऱ्यावर निम्म्या गावाला असतील. कधी दुखली नाहीत की खुपली नाहीत. उलट केटिलचा सगळा तोरा त्यांच्या जिवावर! साखरेचा खडा उजव्या टेंगळामागे अडकवायचा आणि त्या एकाच खड्याच्या गोडीवर कॉफीचे तीन कप रिचवायचे. दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. शेजारच्या विधवा सोलरूनकडे रोज दुपारी हाच कार्यक्रम. ती बशीत दोन खडे ठेवी. "एकात भागलं," म्हणत केटिल अंगातल्या कोटासकट उठे आणि घरी जाई.

पण दात गेले आणि पंचाईत झाली. खालची कवळी टेंगळांवर बसेना. त्यातच ऐन हिवाळ्यातल्या थोर्री महिन्याच्या गावजेवणाला सोलरूनने त्याला आपल्या शेजारी बसायला बोलावलं. तिथे लोणी लावलेला वाळका मासा चावायचा असतो, पेज भुरकायची नसते!

"टेंगळं तासावी लागतील," दातांची डॉक्टरीण एयदिस म्हणाली. "घाबरू नका, साधं हाड आहे, कवळीच्या आड येतंय एवढंच."

"आणि माझा खडा?"

"कसला खडा?"

आता या पोरीला काय सांगायचं, कपाळ! केटिलने मुकाट्याने तोंड उघडलं.

भूल दिली, हिरडी उघडली, हाड तासलं, टाके घातले. गाल टम्म फुगला. जखम भरून कवळी बसेपर्यंत पठ्ठ्या सोलरूनच्या दारात फिरकला नाही. गेला तो थेट गावजेवणाच्या आदल्या दिवशी.

खडा नेहमीच्या जागी ठेवला, पण जागा होती कुठे? दोन घोटांत खडा पोटात! कप अजून भरलेला, आणि बिनसाखरेची कॉफी त्याला जन्मात गेली नव्हती. कान लाल झाले. त्याने हळूच दुसरा खडा उचलला.

सोलरून हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"हसतेस काय? इज्जत गेली माझी."

"अरे येड्या, अकरा वर्षं तो दुसरा खडा ठेवतेय मी! तू जरा जास्त बसावंस म्हणून. आणि तू मेल्या, रोज एकात भागवून पळायचास!"

तोवर तोही खडा विरघळला. मग केटिलने कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि साखरेचं भांडंच जवळ ओढलं.