हळद सल्ला, वारंगा फाटा

आमच्या ॲपवर कोणतं चित्र असावं, हे बायकांनीच ठरवलं. वारंगा फाट्यावर धंदा करणाऱ्या बायकांना एचआयव्ही होऊ नये म्हणून आमची संस्था काम करते. पुढची तपासणी कधी, निरोध कुठे मिळतील, अडचणीत कुणाला फोन करायचा, हे सगळं ॲपमध्ये असतं. पण बऱ्याच घरांत फोन एकच, आणि घरच्यांना या कामाचा पत्ता नाही. देवाच्या गाण्यांचं चित्र ठेवलं तर सासू उघडणार, खेळाचं ठेवलं तर लेकरं.

"हळकुंड लावा की ताई," सपना म्हणाली होती. "आपल्याकडं हळदीचं काही दिसलं तर कोण इचारतंय?"

म्हणून हळकुंड. त्यामागे पिन. तपासणीचा दिवस जवळ आला की फोनवर संदेश जातो: 'शनिवारी हळद सल्ला, वारंगा फाटा.' एखाद्याला खरोखरच हळदीचा सल्ला हवा असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

सपना डोंगरकडा गावाजवळच्या एका खेड्यातली. नवरा वारलेला, मुलगी चौथीत. धाब्यावर भाकऱ्या थापते, असं तिनं घरी सांगितलेलं. खरं कळलं असतं तर घर गेलं असतं आणि मुलगीही.

भाद्रपदातल्या त्या शनिवारी टायरच्या दुकानामागच्या आमच्या खोलीसमोर काळी-पिवळी जीप थांबली. सपना उतरली. तिच्या मागून धोतर सावरत एक म्हातारा उतरला, हातात खताची पिशवी.

"शीतलताई," सपना मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "हे माझे सासरे. हळदीचा मेसेज त्यांनीच वाचला. म्हणले, मी पण येतो."

खोलीत समुपदेशक करुणाताई आणि तपासणीचं साहित्य, बाहेरच्या ओट्यावर मी. पाटीवर सुदैवानं फक्त 'सल्ला केंद्र' एवढंच.

"या काका, बसा," मी म्हणाले. "सपना, तू आत जा. गावातल्या हळदवाल्यांची नावं लिहून दे. वेळ लागेल."

सपनाच्या सासऱ्यांनी, व्यंकटरावांनी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी हळदीच्या सायेब?"

"मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय. बुरशी, जंतू."

"म्हंजी बराबर जागी आलो." त्यांनी पिशवीतून दोन रोपं काढून ओट्यावर आडवी केली. एकाची पानं कडेनं पिवळी पडलेली, बुंधा मऊ. दुसरं हिरवंगार.

रक्त घेऊन निकाल कळायला अर्धा तास तरी जातो. तेवढा वेळ मला हळद पुरवायची होती. शेजारच्या दुकानातून ट्यूब कापायचं पातं मागून आणलं आणि पिवळ्या रोपाचा कंद चिरला. आत तपकिरी, वास कुजका. कंदकुज. तिची बुरशी मला परीक्षेला आली होती. प्रत्यक्षात पहिल्यांदाच भेटत होती, आणि खरं सांगायचं तर मी हरखून गेले.

"रानात पाणी साचतं का काका?"

"खालच्या अंगाला साचतं थोडं."

"थोडं की बरंच?"

"आता तुमी पोलिसावानी इचारून राहिल्या," ते हसले. "बरंच."

मग मी हिरव्या रोपाचा कंद चिरला. त्याच्याही पोटात तपकिरी रेघ निघाली.

म्हाताऱ्यानं कंद हातात घेऊन उलटसुलट केला. "हे तर चांगलं दिसत व्हतं."

"दिसण्यावरून कळत नाही."

हे बोलताना माझं लक्ष आतल्या दाराकडे गेलं. मागच्या महिन्यात निरोध फाटला होता, तेव्हापासून सपना तपासणी टाळत होती.

चर खोदून पाणी काढा, लागलेली रोपं उपटून रानाबाहेर पुरा, औषधाचं कृषी सहायकाला विचारा, असं सगळं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तसे ते म्हणाले, "बाई, म्हातारा झालोय, बहिरा न्हाई."

आणि ते उठले. "सपने! किती लिव्हायलीस गं?" म्हणत दाराला हात घालणार, इतक्यात दार आतूनच उघडलं.

सपना बाहेर आली. माठातलं पाणी तिनं घटाघटा प्यालं, दुसरा पेला भरला, तोही संपवला. मग माझ्याकडे बघून हसली. निकाल विचारायचं काम माझं नाही. मी विचारलं नाही.

"झालं मामा. चला."

"पुढला सल्ला कवा?" व्यंकटरावांनी मलाच विचारलं.

दारात उभ्या करुणाताई म्हणाल्या, "तीन महिन्यांनी. चुकवायचा नाही."

"आता मला जीपनं कंबरंची तकलीफ व्हते. हीच यील." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "लई इसराळू हाय. पण फोन वाजला की मी हाकलतोच बघा हिला. घरी बसू देणार न्हाई."

सपनानं पदराचं टोक दातांत धरलं. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"आन गावात सांगतो," काळी-पिवळीत चढता चढता म्हातारा म्हणाला. "बऱ्याच जणांची हळद पिवळी पडून राहिली."

त्या संध्याकाळी आखाडा बाळापूरच्या बाजारातून मी एक चांगली सुरी विकत आणली.