सेव्ह झालं म्हणे!

मी या दवाखान्याचा डेटाबेस सर्व्हर बोलतोय. कोण पेशंट, काय दुखतंय, कुठलं औषध, सगळं माझ्यापाशी असतं. राहतो मात्र नर्सबाईंच्या काउंटरमागे, पूर्वी चादरींना इस्त्री करायचे त्या खोलीत. चादरींचा थाट बरा होता म्हणतात, त्यांना रोज कोणी हात तरी लावायचं.

आलो तेव्हा काय कौतुक माझं! पुसायला वेगळं फडकं होतं. पुढे पेशंट वाढले आणि माझी जागा भरली. मग ठरलं, नोंदी ठेवायच्या शेजारच्या इमारतीतल्या नेटवर्क स्टोरेजमध्ये आणि मी त्या इथून तारेवरून लिहायच्या-वाचायच्या. म्हणजे डोकं माझं आणि आठवणी शेजाऱ्याकडे. वा रे वा!

जोडणी करणाऱ्या इंजिनियरताईंनी दवाखान्याच्या साहेबांना विचारलं, "स्टोरेजशी याची जोडणी, म्हणजे माउंट, हार्ड ठेवू की सॉफ्ट?"

"फरक काय?"

"मधेच तार तुटली तर हार्डमध्ये हा थांबून राहतो, ती जुळेपर्यंत. सॉफ्टमध्ये थोडी वाट बघून नाद सोडतो. डेटाबेसला खरं तर हार्डच..."

"छे छे, लोकांना ताटकळत नाही ठेवायचं. आपण पेशंटशीसुद्धा सॉफ्टच बोलतो. सॉफ्ट ठेवा!"

शब्द कानाला गोड लागला, झालं! माझं भवितव्य ठरलं.

एका सकाळी ताप आलेल्या एका लहान मुलीला तिची आई घेऊन आली. "हिला पेनिसिलिन देऊ नका हं बाई. मागे अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला होता." नर्सबाईंनी लगेच टाइप केलं.

नेमके तेव्हाच साहेब शेजारच्या इमारतीत मीटिंगला होते. मोबाइलची बॅटरी उतरली होती. त्यांनी भिंतीतला एक प्लग उपसून आपला चार्जर खुपसला. प्लग कसला? माझी तार ज्यातून जाते त्या डब्याचा! मी थोडी वाट पाहिली आणि हुकुमाप्रमाणे नाद सोडला; नोंद पलीकडे पोचलीच नाही. काउंटरवरचा प्रोग्राम त्याआधीच 'सेव्ह झालं' म्हणून मोकळा झाला होता.

दुपारी तार पुन्हा जुळल्यावर डॉक्टरांनी मुलीची नोंद उघडली. न चालणाऱ्या औषधांच्या रकान्यात काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी पेनिसिलिनच सांगितलं. इंजेक्शन भरूनही झालं. भिंतीपलीकडे मी जिवाच्या आकांताने पंखे फिरवत होतो, पण माझं ऐकतंय कोण?

"अहो डॉक्टर, थांबा! तिला ते चालत नाही. मी स्वतः लिहिलंय!" नर्सबाई ओरडल्या.

"कुठे लिहिलंय? इथे तर काही दिसत नाही."

"दिसो न दिसो, मी देऊ देणार नाही!" नर्सबाईंनी डॉक्टरांच्या हातातून सुई काढूनच घेतली. देव त्यांचं भलं करो.

साहेबांनी सगळ्यांना समजावलं, "टेक्निकल प्रॉब्लेम होता." मोबाइल पूर्ण चार्ज झाला होता, हे मात्र सांगायचं राहिलं. ताईंनी कोणाला न विचारता मला हार्ड करून टाकलं.

आता तार जराशी अडखळली, की मी थांबतो. पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि काउंटरवरून माझा उद्धार सुरू होतो. काल तीच आई लेकीला दाखवायला आली होती. दहा वेळा घड्याळ पाहून शेवटी कडाडली, "मेलं हे डबडं! किती वेळ लावतंय! आमच्या पोरीचं लिहून घ्यायचंय ना!"

लावतोय खरा वेळ. द्या हो शिव्या, आई, हव्या तितक्या द्या. तुमच्या पोरीचं लिहिलेलं पलीकडे पोचेपर्यंत मी इथून हलणार नाही.