वाफेशिवाय वाजलेला भोंगा

मित्रांनो, हसू नका. हिरवा रंग फासून क्लबाच्या भिंतीवर शोभेला टांगलेला मी एक जुना भोंगा आहे, विटांच्या कारखान्याचा. माझी नळी कापली, बॉयलर भंगारात गेला. आता मी वाजणार तरी कशाने?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लंडनमध्ये गल्ल्याच्या गल्ल्या पडल्या होत्या. आमच्या थॉर्नी एंड गावच्या विटा तिकडे गाड्या भरभरून जायच्या. काय माझा रुबाब होता तेव्हा! संध्याकाळी सिरिल पार्डो दोरी ओढायचा, मी ओरडायचो आणि बायका चहाचे मग घेऊन आपापल्या घराच्या फाटकात उभ्या राहायच्या. गड्यांच्या घशात लाल धूळ बसलेली असायची. म्हणून पहिल्या घोटाची चूळ बाहेरच टाकायची आणि मगच घरात पाऊल. सिरिलची बायको विनी तर दटावायची, "ए लाल माकडा, आधी चूळ भर!"

मग एके दिवशी मातीच्या खाणीची कड ढासळली. सिरिल खाली होता. तो सापडलाच नाही. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या कुणी दोरी ओढली की माझा आवाज चिरकायचा.

पुढे कारखाना बंद पडला. खाण कचऱ्याने बुजवली, वर माती ओढली आणि रोज लंडनला नोकरीला जाणाऱ्यांसाठी तिथे घरांची रांग उठवली. खाली काय आहे, कुणी विचारलं नाही. विनीने मात्र हट्टाने तिथलंच, क्लबासमोरचं घर घेतलं.

गेल्या हिवाळ्यात ती रोज संध्याकाळी चहा घेऊन फाटकात उभी राहायला लागली. भोंगा झाला म्हणे! शेजारी हसायचे. शेवटी तिची मुलगी डॅफनी तिला वृद्धाश्रमात न्यायला आली.

"आई, पुरे झालं. तो भोंगा मुका आहे गं."

"तुझ्या बापाचा हात मी ओळखत नाही होय?"

"बाबा जाऊन किती वर्षं झाली! बॅग भरली आहे, चल."

"थांब. झाला बघ."

विनी चहाचा मग घेऊन बाहेर पडली. "अगं, बर्फ पडलंय, चपला तरी घाल!" म्हणत डॅफनी तिच्यामागे धावली. फाटकापाशी विनीने पहिला घोट जमिनीवर ओतला. तेवढ्यात त्यांच्या मागे स्वयंपाकघर, जिना, भरलेली बॅग, सगळं घर हळूच खाली गेलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही.

डॅफनी रस्ता ओलांडून आली आणि तिने मला हात लावला. चटका बसला तिला.

मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी आपणहून वाजलो नाही. मला कोणी वाजवलं, हे विचारायची मलाच भीती वाटते.

नंतर माणसं आली, खड्डा बुजवून गेली. बाकीची घरं पक्की आहेत म्हणाली. डॅफनीने आईला आपल्याच घरी नेलं, दूर. आता इथे माझं ऐकणारं कुणी उरलं नाही. जमिनीत काय पुरलं आहे हे विसरू नका, बाबांनो, आणि म्हातारं माणूस काही ऐकू आलं म्हणालं तर त्याला लगेच वेड्यात काढू नका.

आणि येता-जाता मला एकदा हात लावून बघत जा. त्या रांगेत अजून माणसं राहतात, अंगणात पोरं खेळतात. आज सकाळपासून माझं पितळ पुन्हा कोमट लागतंय.