वाकड्या मानेची गिटार

मित्रांनो, कुणी माझ्या रूपाचं कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी एक गिटार आहे. काळीभोर, चकचकीत, पोटावर शिंपल्याचा मोर जडवलेली. माझ्यामुळे एका भल्या माणसाची मान खाली गेली, आणि तेव्हा मी गप्प होते. तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म झाला तो कारखाना दिवसाला शंभर गिटारी बाहेर काढत असे. माझं पोट पातळ प्लायवूडचं. ते कळू नये म्हणून वर जाड रंग चढवला. मानेचं लाकूड पुरतं वाळलंही नव्हतं, तोच तिच्यावर तारा ताणल्या आणि ती पुढे झुकली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी चिकटवताना जागा चुकली. फार नाही, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. पण वाद्यात तेवढ्यानेही सूर बिघडतो. पहिल्यांदा मला छेडलं तेव्हाच मला ते समजलं होतं. मग अंधेरीच्या एका दुकानात मला काचेआड, दिव्याखाली उभं केलं. येणारेजाणारे थांबून बघायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

एके दिवशी कुंडलिककाका तिथे आले. गोरेगावच्या स्टुडिओत एकतीस वर्षं लाइटमन म्हणून काम करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. हातात गिटार धरून वाजवल्याचं सोंग करणारे कितीतरी हीरो त्यांनी उजेडात आणले होते. आपण एकदा खरंच वाजवायची, हे त्यांनी तेव्हाच मनात धरलं होतं. सोबत त्यांची मुलगी दर्शना होती.

"एकच घ्यायची, दर्शना," ते म्हणाले. "आता जन्मभर तीच."

माझ्या शेजारी एक साधी, मातकट रंगाची गिटार होती. काकांनी तिची एक तार छेडली. आवाज दुकानभर रेंगाळला. काका स्वतःशीच हसले. तेवढ्यात दर्शनाने मला पाहिलं.

"पप्पा, ही बघा ना! कसली झकास आहे! आयुष्यभर ठेवायची तर अशी ठेवा. ती काय, नुसता डबा वाटते."

काकांनी एकदा त्या गिटारीकडे बघितलं, एकदा लेकीच्या चेहऱ्याकडे.

"तुला आवडली ना? मग हीच."

मला कुणी वाजवूनसुद्धा पाहिलं नाही.

बोरीवलीच्या घरी काका रोज सकाळी मला घेऊन गॅलरीत बसत. माझ्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की त्या दाबताना बोटं कापायची. सालं निघायची. काका बोटांना पट्टी लावायचे आणि परत बसायचे. क्लासचे सर मोकळ्या तारा सुरात लावून देत, पण तारेवर बोट दाबलं की सूर चढायचा.

"काका, रियाज कमी पडतोय," सर म्हणायचे. "आणि या वयात बोटं वळत नाहीत हो."

"माझंच चुकतंय, सर," काका म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसायचे. दोष माझा आहे, हे मला किंचाळून सांगावंसं वाटायचं. पण माझ्यातून निघायचा तो बेसूर आवाजच.

असं दीड वर्ष गेलं. भीमजयंतीला विहारात बायकांचा गाण्याचा कार्यक्रम होता. काकांनी साथ करायचं कबूल केलं. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते गाणाऱ्यांच्या मागे बसले. गाणं सुरू झालं आणि मी माझे रंग दाखवले. गाणाऱ्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्या थांबल्या. "काका, तुम्ही जरा राहू द्या ना. आमचा सूर जातोय."

समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. काकांनी तारांवर हात ठेवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो तसाच ठेवला.

परतताना रिक्षात दर्शना म्हणाली, "पप्पा, पुरे झालं आता. कशाला हसं करून घेता? माझ्या ओळखीचे लोक होते तिथे."

घरी येऊन काकांनी मला खोळीत घातलं आणि कपाटावर ठेवलं. त्यानंतर दोन वर्षं मी खोळीतून त्यांना ऐकत होते. कुणी विचारलं की म्हणायचे, "आपल्याला सूरच नाही. हात जड आहेत आपले." दाढी करताना गुणगुणायची त्यांची सवय होती, तीही त्यांनी सोडली.

शेवटी मला एका शाळेला देऊन टाकायचं ठरलं. देण्याआधी नव्या तारा बसवाव्यात म्हणून दर्शना मला साकीनाक्याला नलिनीताईंकडे घेऊन गेली. नलिनीताई वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी एक डोळा मिटून माझी मान न्याहाळली, पट्टी लावून घोडी मोजली.

"कोण वाजवायचं ही?"

"माझे पप्पा. दीड वर्ष शिकले, पण नाही जमलं त्यांना."

"दीड वर्ष? ताई, मी दीड तास टिकले नसते! मान वाकलीय, घोडी चुकीच्या जागी आहे. हिच्यावर कुणालाच जमलं नसतं."

दर्शना समोरच्या स्टुलावर बसली. माझ्या पोटावरच्या मोरावर बोट ठेवून म्हणाली, "निवडली मी होती."

रविवारी ती काकांना घेऊन आली. नलिनीताईंनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. काका आपल्या हातांकडे बघत राहिले.

"म्हणजे माझी बोटं बरी होती?"

"बोटांना काही झालेलं नाही, काका."

"पप्पा, मी तेव्हा रिक्षात जे बोलले..." दर्शना म्हणाली.

"बोललीस ते बोललीस. पण मी ते खरं मानून बसलो गं."

दर्शनाला मान वर करता आली नाही. मलाही नाही.

नलिनीताईंनी दुरुस्त केलेल्या तीन गिटारी काकांपुढे ठेवल्या. या वेळी दर्शना एक शब्द बोलली नाही. काकांनी प्रत्येकीच्या मानेवरून नजर फिरवली, एकेक तार जागोजागी दाबून ऐकली आणि दोन गिटारी बाजूला सारल्या. तिसरीचा रंग उडालेला होता, कडेला ओरखडा होता. तिच्यावर त्यांनी तारा दाबल्या आणि हात फिरवला. सूर स्वच्छ लागला. काकांनी परत एकदा वाजवून बघितलं, जणू विश्वास बसत नव्हता.

निघताना ते माझ्याजवळ आले. "हिला टाकू नका," ते नलिनीताईंना म्हणाले. "हिचा तरी काय दोष?"

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता गिटार घ्यायला निघालेल्यांना नलिनीताई माझी मान दाखवतात आणि काय टाळायचं ते शिकवतात. मित्रांनो, जन्मभरासाठी काही घ्याल तर ते हाताळून बघा, ऐकून बघा, जो वापरणार त्यालाच निवडू द्या. आणि घरात कुणी "मला जमत नाही" म्हणून गप्प बसलं, तर हसण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिलं होतं, ते एकदा तपासा आणि त्याला तसं सांगा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.