बोटं झिजली नव्हती

वहिनीच्या हातांची बोटं सुजायला लागली, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच निदान केलं: कात्री चालवून चालवून सांधे झिजले. बाहेरच्या खोलीत तिचं केस कापायचं छोटंसं दुकान होतं आणि वर्षानुवर्षं तिच्या हाताला उसंत नव्हती, त्यामुळे ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. डॉक्टरांनी संधिवात सांगून गोळ्या दिल्या होत्या. पण दादाचं म्हणणं, गोळ्या पोटाची वाट लावतात, हाताला विश्रांती दे, आपोआप बरं होईल. वहिनीनं दुकान बंद केलं. हळूहळू गोळ्याही सुटल्या.

विश्रांतीनं काही फरक पडला नाही. दोन वर्षांत उजव्या तर्जनीचा सांधा इतका बिघडला की तो काढून कृत्रिम बसवावा लागला.

काढलेला तुकडा ज्या प्रयोगशाळेत तपासायला गेला, तिथे दादाची धाकटी बहीण कामाला होती. केस पिकले तरी घरात ती छोटीच. तिनं तुकडा आम्लात मऊ केला, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढले, रंगवले. हे कळल्यावर वहिनी म्हणाली, माझंच आहे ते, मलाही बघू दे.

एका दुपारी छोटीनं तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. वर फिकट पट्टा दिसत होता, जागोजागी तुटलेला. ती कुर्चा, सांध्यातली मऊ गादी. तिच्याखाली हाड, आणि हाडाच्या काठाला चिकटलेल्या लालभडक, थोराड पेशी. प्रत्येकीखाली एक खळगा.

या हाड खाणाऱ्या पेशी, छोटी सांगू लागली. एरवी जुनं हाड काढून नव्याला जागा करून देणं एवढंच यांचं काम. संधिवाताच्या सुजेनं यांना चेव येतो. मग कुर्चेखालचं हाड त्या पोखरत सुटतात, पुढे कुर्चेच्या तळालाही तोंड लावतात. वरून सूज कुरतडते, खालून या. आधारच गेला की कुर्चा टिकत नाही.

वहिनी बराच वेळ डोळा लावून बसली.

"म्हणजे कात्रीनं झालं नाही हे?"

"कात्रीनं दुखणं वाढलं असेल. पण सुरुवात तिनं केली नाही."

"आणि त्या गोळ्या?"

"सूज आणि या, दोघींना आवरायलाच होत्या."

वहिनीनं डोळा बाजूला घेतला. "मी हात मांडीवर ठेवून बसले होते," ती म्हणाली, "आणि या आत जेवत होत्या."

घरी आल्यावर तिनं दादाला सगळं शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, मी तुझ्या भल्यासाठीच बोललो होतो. तिनं ते नाकारलं नाही, पण पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दादा मग स्वतःच तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेला. पोटाचं काय, ते त्यानं तिथेच विचारून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

गोळ्या परत सुरू झाल्या. काही महिन्यांत डाव्या हाताची सूज ओसरली. उजव्यातलं गेलं ते गेलंच. तासभर कात्री धरणं आता तिला जमत नाही. सकाळी ती एका ओळखीच्या पार्लरमध्ये दोन मुलींना काम शिकवायला जाते आणि त्यांच्यावर मनसोक्त खेकसते. एखादं गिऱ्हाईक तिच्या बोटाकडे बघून हळहळतं, काम करून करून झिजलं ना हो, म्हणतं. मग वहिनी स्टूल ओढून बसते आणि पहिल्यापासून सांगायला लागते. गिऱ्हाइकाचे केस वाळून जातात, तरी तिचं संपत नाही.